कार्डावर चढवलेलं नाव

लालबाग, परळ, काळाचौकी, करी रोडच्या गिरणी कामगारांच्या चाळींत वाढलेल्या आमच्या पिढीला विचारा, घरातले महत्त्वाचे कागद कुठं असायचे. रेशनकार्ड फळीवरच्या डब्यात, कारण ते सतत लागायचं. वडिलांचं ई.एस.आय.चं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड मात्र ट्रंकेत, आईच्या शालूच्या घडीत. ट्रंक उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास सुटायचा, आणि कार्ड बाहेर निघालं म्हणजे कुणाला तरी ताप भरलेला असायचा.

सून घरात आली की तिचं नाव दोन्हीकडे चढवायची सासऱ्यांना घाई. रेशनवर चढलं की साखर वाढायची. विम्याच्या कार्डावर चढलं की दुसऱ्या बाळंतपणाची काळजी मिटायची. पहिलं माहेरी, ते त्यांनी बघावं.

कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ सालचा. योजना मुंबईत आली १९५४ साली. त्याच्या आदल्याच वर्षी र. धों. कर्वे गेले. १९२१ सालापासून या शहरात संततिनियमनाचा सल्ला देणारा आणि सव्वीस वर्षं ‘समाजस्वास्थ्य’ चालवणारा हा माणूस. त्याचं मासिक आमच्या चाळीत कुणी वाचलेलं मला माहीत नाही. त्याची वाचकमंडळी गिरगाव-दादरची, शिकलेली. आमच्याकडे आला तो विमा. पगारातून थोडे पैसे कापले जायचे, मालक आपला वाटा घालायचा. मुंबईत सरकारनं जागोजागी स्वतःचे दवाखाने उघडण्याऐवजी खासगी डॉक्टरांचं पॅनेल नेमलं होतं. नाक्यावरचाच डॉक्टर आपला ‘ई.एस.आय.चा डॉक्टर’. बाटली घरून न्यायची. लाल किंवा पिवळं मिक्श्चर मिळायचं आणि डोस कळावा म्हणून बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली असायची. ती पट्टी सोलून काढायचा नाद आम्हां सगळ्या पोरांना होता.

या दवाखान्यात आमच्या आया पोरांना घेऊन जात. स्वतःसाठी क्वचित. बाकड्यावर नवऱ्याच्या खात्यातले जॉबर म्हणजे मुकादम, शेजारचे भाऊजी, दीर बसलेले. पुढं डॉक्टर, तोही पुरुष, आणि मध्ये एक पडदा. अंगावरून पांढरं जातंय, पाळी पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही, तिसऱ्या बाळंतपणापासून अंग बाहेर येतंय, हे त्या पडद्याआडून कोण सांगणार? ते सगळं अंगावर काढायचं. अगदीच असह्य झालं तर दुपारी, पहिल्या पाळीचे पुरुष झोपल्यावर, नळावर कुजबुज व्हायची. नळावरच्या कुजबुजीत जेवढं वैद्यक होतं तेवढं त्या कार्डावर कधी मिळालं नाही, असं माझं मत आहे. त्यातलं निम्मं चुकीचं होतं, हेही मान्य.

बाळंतपणाला मात्र सगळ्या निर्धास्त. परळचं वाडिया प्रसूतिगृह १९२६ सालचं, शेजारी त्याच सालचं केईएम, आणि विम्याचं म्हणून महात्मा गांधी स्मारक रुग्णालय. आमच्यातले निम्मे तरी ‘वाडियात झालेले’. सहा-सहा पोरांच्या आया होत्या. आजी म्हणायची, देवाची देणगी. आई ताटं मोजायची आणि गप्प बसायची.

मग पाळणा लांबवायच्या गोष्टी सुरू झाल्या. १९६५च्या सुमारास गर्भाशयात बसवायचा लूप आला. तो पोटात चढतो, काळजाला जाऊन टोचतो, अशा कहाण्या जिन्यातून फिरत होत्या. रक्त फार जायचं हे मात्र खरं होतं, आणि बसवल्यानंतर ‘कसं आहे’ म्हणून विचारायला कुणी येत नव्हतं. काही बायकांनी तो परत काढून घेतला. पुढं तांबी आली, ती बऱ्याच जणींनी मानवून घेतली. भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला, चार चेहरे हसताना. १९६८ साली निरोध आला, १५ पैशांना तीन. पानवाल्याकडेही मिळे. तो आम्हां पोरांना फुग्यांसाठी हवा असे, आणि पहिला फुगा गॅलरीत आणणाऱ्याला सगळ्या मजल्याचा मार पडला होता. कुणीही कारण सांगितलं नाही.

पुरुषांसाठी स्टेशनांवर नसबंदीची केंद्रं होती. मुंबई महापालिकेच्या डॉ. दत्ता पै यांची ती कल्पना. गाडीतून उतरावं आणि मोकळं व्हावं. काही जण गेलेही. चाळीत त्यांच्याविषयी दोन दिवस हसून झालं, तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकांचा हेवा सुरू झाला.

१९७६ साली आणीबाणीत सगळंच बिघडलं. नव्या लोकसंख्या धोरणात ऑपरेशनला दोन मुलांवर १५० रुपये, तीनवर १००, चार किंवा जास्त असली तर ७०. महाराष्ट्र विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते कायदा झालं नाही, पण धसका बसायचा तो बसला. १९७७ नंतर पुरुषांनी जी पाठ फिरवली ती कायमची. तेव्हापासून ऑपरेशन म्हणजे बाईचं. आधी टाक्याचं, मग दुर्बिणीचं. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्नाच्या बायकांपैकी ३७.९ टक्के जणींनी ऑपरेशन केलेलं आढळलं. पुरुषांच्या ऑपरेशनवर विसंबलेल्या जोडप्यांचं प्रमाण ०.३ टक्के. माझ्या आईची, दोन्ही काक्यांची, समोरच्या वहिनींची गणती या पहिल्या आकड्याच्याही आधीची.

विम्याच्या नियमांत इथं एक मजा आहे. नसबंदी केलेल्या विमेदार पुरुषाला सात दिवस आणि विमेदार बाईला चौदा दिवस पूर्ण पगाराइतका भत्ता. नियम चांगला, शहाणपणाचा. पण तो विमेदाराला. जिचं नाव नवऱ्याच्या कार्डावर नुसतं ‘पत्नी’ म्हणून चढलंय तिला पगारच नव्हता, तर भत्ता कुठला? आईचे टाके आठव्या दिवशी काढले आणि नवव्या दिवशी पहाटे चारला ती हंडा घेऊन नळावर उभी होती. चौदा दिवसांचा हिशेब तिच्या बाबतीत कुणी मांडलाच नाही.

ज्यांचं स्वतःचं कार्ड होतं अशा बायका आमच्या चाळीत मोजक्याच. वाइंडिंग, रीलिंग खात्यातल्या. १९२०-३०च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई असे. १९२९ साली मुंबई प्रांतानं प्रसूती भत्त्याचा कायदा केला, देशातला पहिला. पुढं गिरण्यांतल्या बायका घटत गेल्या. नवी यंत्रं हे एक कारण. बाळंतपणाचे पैसे द्यायला नकोत म्हणून बायकाच नकोत, हे दुसरं, असं जुन्या कामगारणी सांगत. तळमजल्यावरची मावशी त्यांतली उरलेली. तिला बारा आठवड्यांची भरपगारी बाळंतपणाची रजा मिळाली तेव्हा आख्खी चाळ बघत राहिली. ती दवाखान्यात जाताना पदर खोचून जायची आणि बाकड्यावरच्या पुरुषांना ‘जरा सरका’ म्हणायची. तिला अंगावरून जाण्याची तक्रारही मोठ्यानं सांगता यायची. पैसे तिच्या पगारातून कापलेले होते ना.

आणि खानावळवाल्या? घाटावरून, कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवत. वीस-वीस जणांच्या भाकऱ्या थापणाऱ्या या बाईचा विमा कुठंच नव्हता, कारण ती कुणाची कामगार नव्हती. नवरा बदली कामगार असला तर त्याचाही भरणा धड नसे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा या बायकांना पहिल्यांदा बँकेचं कर्ज मिळालं, सावकार सुटला. आमच्या शेजारच्या अक्कांना रक्तपांढरी आहे हे तर तिथल्या मैत्रिणींनी हात धरून डॉक्टरकडे नेल्यावर कळलं. तोवर त्या धापेला ‘वय झालं’ म्हणत होत्या. वय होतं अडतीस.

गर्भपाताचा कायदा १९७१चा. तो ज्या समितीच्या अहवालावर उभा राहिला तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. साधन निकामी ठरून दिवस गेले हे कारण विवाहितेला त्या कायद्यानं मिळालं. बायकांनी कायदा वाचला नव्हता, पण ‘क्युरेटिंग’ हा शब्द वर्षभरात सगळ्या मजल्यांवर पोचला. ‘गावाला गेले होते’ असं सांगून दोन दिवस पडून राहायच्या. कोण खरंच गावाला गेली होती ते आम्हां पोरांना कळायचं, कारण गावाहून येणारी फणस आणायची.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. संपाविषयी पुरुषांनी पुष्कळ लिहिलंय, संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्याविषयी, गेलेल्या नोकऱ्यांविषयी. पगार थांबला तसा विम्याचा भरणा थांबला, आणि काही काळानं कार्डही निरुपयोगी झालं, ही गोष्ट कुठं फारशी वाचली नाही. वडिलांच्या नावाबरोबर त्याखालची सगळी नावं गेली. तांबी बदलायची वर्षं उलटून गेली तरी बायका तशाच. आधी पोरांच्या फिया, मग वाण्याची उधारी, मग जमलं तर आपलं. केईएमचा केसपेपर स्वस्त होता, पण रांगेत अख्खा दिवस जायचा, आणि तेव्हा त्या सगळ्या कुठं ना कुठं धुणीभांडी करायला लागल्या होत्या. या कामालाही विमा नव्हता.

आम्ही मुलं बँकांत, कुरिअर कंपन्यांत, कॉल सेंटरांत लागलो. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणलं होतं. आमच्यापर्यंत ते नव्वदीत पोचलं. पॉलिसी घेतल्यावर वाटलं, आता आपल्या बायकांचं तरी सगळं मार्गी लागेल. छोट्या अक्षरांत लिहिलेलं वाचायची सवय गिरणगावात कुणाला नव्हती. आता तर वगळलेल्या गोष्टींना विमा नियामकानं ठरवून दिलेले क्रमांकच आहेत, २०१९च्या सूचनांपासून. सतरा क्रमांकात गर्भनिरोध, नसबंदी, वंध्यत्वाचे उपचार. अठरा क्रमांकात बाळंतपण. नुसत्या तपासण्यांसाठी दाखल झालात तर चार क्रमांक. काही पॉलिसींत बाळंतपण जादा हप्त्यानं मिळतं, काहींत वर्षाला एक तपासणीही. पण मूळ ढाचा तोच. आजारी पडा, खाटेवर झोपा, मग बोलू. जुन्या करपद्धतीत प्रतिबंधक तपासणीला ५,००० रुपयांपर्यंत वजावट आहे, म्हणजे कर भरण्याइतकी कमाई असेल तर. न्यू जर्सीतली भाची सांगते, तिच्या विम्यात वर्षाची तपासणी आणि गोळ्या यांना एक डॉलरही पडत नाही. २०१२पासून तिथल्या बहुतेक विमा योजनांना ते कायद्यानंच बंधनकारक आहे. गोळ्यांवरून तिथं कोर्टात भांडणंही झाली म्हणे. आपल्याकडे कधी कुणी भांडलेलं ऐकलं नाही.

धाकटी काकी संपानंतर परळची खोली विकून उपनगरातल्या वस्तीत गेली. तिथं १९९८ नंतर कधीतरी टाटा रुग्णालयाच्या मुली यायला लागल्या. दहावी झालेल्या, वस्त्यांतल्याच, चार आठवडे शिकवून तयार केलेल्या. व्हिनेगरमधलं आम्ल लावून गर्भाशयाचं तोंड बघायचं, पांढरा डाग उठला तर रुग्णालयात पाठवायचं. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांचा तो प्रयोग होता. प्रयोगातल्या निम्म्या वस्त्यांत तपासणी झाली नाही, नुसतं समजावून सांगितलं गेलं, यावरून पुढं टीकाही झाली. तपासणी झाली त्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१३ साली जाहीर झालं. एवढं होऊनही २०१९ ते २१च्या त्या राष्ट्रीय पाहणीत, तिशी ते पन्नाशीतल्या भारतीय बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही नव्हत्या.

काकीची मात्र ती तपासणी झाली होती. परवा घरी विमा एजंट आला होता, माझ्या मुलीच्या पॉलिसीचं नूतनीकरण करायला. काकीनं त्याला विचारलं, ‘‘ह्यात ती व्हिनेगारची तपासणी आसा काय रे?’’

त्यानं टॅब खालीवर केला. ‘‘काकी, काही निघालं आणि ॲडमिट व्हावं लागलं, तर सगळं कव्हर होईल.’’

‘‘निघूक नये म्हणान तर करतत ती,’’ काकी म्हणाली आणि मुलीकडे वळली, ‘‘तू मंगळवारी माझ्यावांगडा केईएमला चल. केसपेपर मी काढतंय.’’