दुधाचे दात

घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचा निर्णय बहुधा पुरुषमंडळी घेतात आणि पुढचं सगळं निस्तरायचं काम आपल्याकडे येतं, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडेही तसंच झालं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘हे’ ऑफिसातून आले ते डब्याच्या पिशवीतून एक तपकिरी गोळा घेऊनच. आई गाडीखाली गेलेली, भावंडं कुणी कुणी उचलून नेलेली. जेमतेम दीड महिन्याचं पोर! जात म्हणाल तर अस्सल गावठी. आमच्या सात वर्षांच्या लेकीनं त्याचं नाव ठेवलं गुंड्या, आणि त्यानं ते आठ दिवसांत सार्थ करून दाखवलं.

काय काय चावलं म्हणून सांगू? ह्यांच्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा, दिवाणाचा पाय, माझ्या गाऊनची झालर, मोबाईलच्या चार्जरची वायर (बटण बंद होतं म्हणून निभावलं), आणि एक दिवस तर केरसुणी. केरसुणी म्हणजे लक्ष्मी! सासूबाईंचा जो पारा चढला, तो संध्याकाळच्या दिवेलागणीपर्यंत उतरला नाही. मी इथे साताऱ्यातच एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. माझ्या पिशवीतून त्यानं निबंधाची एक वही ओढून काढली आणि तिचा कोपरा फस्त केला. निबंधाचा विषय होता ‘माझा आवडता प्राणी’. दुसऱ्या दिवशी वर्गात ती वही परत करताना मुली इतक्या हसल्या, की तास संपेपर्यंत कुणाचं व्याकरणात लक्ष लागलं नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. पण संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी लेक हातात तिळाचा लाडू घेऊन अंगणात पळत होती, हा तिच्या मागे. लाडवाऐवजी बोट तोंडात आलं. पिल्लांचे दुधाचे दात सुईसारखे अणकुचीदार असतात. रक्त आलं, पोरगी किंचाळली, आणि आतून सासूबाई धावत आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “हळद आणा, चुना आणा” करत शेजारच्या काकू आल्या, पण मी लेकीला सरळ नळाखाली नेलं आणि साबणानं पंधरा मिनिटं बोट धूत राहिले. वर काही लावलं नाही. मग लगेच डॉक्टरांकडे.

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. त्यांच्या माहेरी, त्या नऊ-दहा वर्षांच्या असताना, त्यांच्या चुलतभावाला कुत्रं चावलं होतं. कुणी तरी जखमेत तिखट भरलं, कुणी गंडा बांधला. दीड महिन्यानं पोरगा पाण्याचा पेला बघून ओरडू लागला. चार दिवसांत गेला. ही गोष्ट त्यांनी मला लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्या रात्री पहिल्यांदा सांगितली. शेवटी म्हणाल्या, “सूनबाई, मला मुकं जनावर नकोसं नाही. पण उद्याच्या उद्या हे बाहेर गेलं पाहिजे.”

त्यांना काय उत्तर द्यायचं? भीती खोटी नव्हती. पिसाळण्याचा रोग एकदा अंगात उमटला की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे आजही तितकंच खरं आहे. आणि पिल्लू लहान आहे म्हणून त्याच्यापासून धोका नाही, असंही नाही. गुंड्याला परवोची वगैरे लस दिलेली होती, पण पिसाळण्याविरुद्धची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याला अजून दहा-बारा दिवस होते.

तोड काढली डॉक्टरांनीच. लेकीला त्याच दिवशी लस सुरू केली, जखमेभोवती वेगळं इंजेक्शनही दिलं. पूर्वीसारखी पोटात चौदा इंजेक्शनं आता नाहीत. ती जुनी लस केव्हाच बंद झाली. आता दंडात ठरलेल्या दिवशी मोजकी इंजेक्शनं घ्यायची, आणि एकही चुकवायचं नाही. मग डॉक्टर म्हणाले, “पिल्लाला मात्र कुठे सोडू नका. दहा दिवस नजरेसमोर ठेवा. ते खातंय-पितंय, ठणठणीत आहे, हे कळणं तुमच्याच फायद्याचं आहे.” सोडून दिलं तर कळणार कसं? हे सासूबाईंना पटलं. गुंड्याला दहा दिवसांची मुदत मिळाली.

त्या दहा दिवसांत मी जनावरांच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन बसले आणि अक्षरशः वही घेऊन सगळं लिहून आणलं. पिल्लं आपल्या भावंडांशी कुस्ती खेळताना एकमेकांना चावतात. जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून जातं. त्यातूनच दात किती जोरानं लावायचे ते त्यांना कळतं. म्हणून दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये म्हणतात. आमच्या गुंड्याची ती शाळा अर्ध्यातच सुटलेली. मग ती घरी भरवायची, इतकंच.

नियम एकच केला. दात अंगाला लागले की “आऊ” म्हणायचं, हात खाली सोडून पाठ फिरवायची आणि अर्धा मिनिट त्याच्याकडे बघायचं नाही. ओरडायचं नाही, पळायचं नाही, कारण पळालं की त्याला तो खेळच वाटतो. शेजारच्या काकूंनी “नाकाडावर एक चापट द्या” असं सुचवलं, पण मार खाल्लेलं पिल्लू हाताला भ्यायला लागतं, आणि भ्यालेलं कुत्रं मोठेपणी खरोखर चावतं. ह्यांचा हाताशी झोंबाझोंबी करायचा आवडता खेळही बंद केला. एकानं चावू द्यायचं आणि दुसऱ्यानं रागवायचं, यानं माणसाचं पोरही बिघडतं.

दुसरी गोष्ट, चावू नको म्हणायचं तर काय चावू ते द्यायला हवं. जुन्या सुती कापडाला गाठी मारायच्या, पाण्यात भिजवून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि गार झालं की द्यायचं. हिरड्यांना बरं वाटतं. समोर बसून गाजराचा थंडगार जाड तुकडा दिला तरी चालतो. जुनी चप्पल मात्र चुकूनही देऊ नका. जुनी कुठली आणि नवी कुठली, ते त्याला कसं कळणार? शिजवलेली हाडंही नकोत. त्यांच्या कपच्या निघून घशात-पोटात रुततात. कांदा, मनुका, चॉकलेट ही त्यांना विषासारखी. आणि हिरड्या दुखतात म्हणून आपल्या घरातली दुखण्याची गोळी देण्याचा शहाणपणा करू नये. कपाटातल्या डांबरगोळ्यासुद्धा त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट माझी मलाच उमगली. गुंड्याचा धुमाकूळ रोज संध्याकाळी सात-साडेसातला शिगेला पोचायचा. अगदी झोप आलेल्या मुलासारखा! एवढ्या लहान पिल्लाला दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते. आमच्याकडे शाळा, शिकवणी, येणारे-जाणारे, झोपणार कधी? मग मागच्या खोलीत पोतं अंथरून, दार ओढून दुपारी त्याला शांत झोपवायला सुरुवात केली. संध्याकाळ निम्म्यानं सोपी झाली.

दहा दिवस संपले. गुंड्या टुणटुणीत. सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी त्याला लस टोचून आणली आणि कार्ड सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून तारीख वाचली, पुढच्या वर्षीची तारीख कालनिर्णयावर लिहायला सांगितली आणि कार्ड स्वतःच्या पोथीच्या पिशवीत ठेवलं. “राहू दे” असं काही त्या म्हणाल्या नाहीत. पण “बाहेर काढा” असंही पुन्हा म्हणाल्या नाहीत.

चावणं लगेच थांबलं, असं मात्र कुणी समजू नका. खरा दातांचा मोसम तर पुढेच होता. कुत्र्याला दुधाचे दात 28 असतात आणि कायमचे 42. साडेतीन-चार महिन्यांपासून ते बदलायला लागतात, आधी पुढचे, मग सुळे आणि दाढा, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत सगळं तोंड नवं होतं. या काळात चघळण्याची ओढ वाढते, चावलेल्या कापडावर रक्ताचा एखादा ठिपका दिसतो. त्यानं घाबरायचं कारण नाही. पडलेले दात बहुतेक वेळा पिल्लू गिळूनच टाकतं. मात्र नवा सुळा आला आणि शेजारी जुनाही तसाच राहिला, तर डॉक्टरांना दाखवावं.

महाशिवरात्रीला केर काढताना सासूबाईंना तांदळाच्या दाण्याएवढा एक दात सापडला. आमच्याकडे मुलाचा पहिला दात पडला की तो तुळशीत पुरतात. लेकीनं विचारलं, “आजी, गुंड्याचा पण पुरायचा?” त्या म्हणाल्या, “कुत्र्याचा दात कुठं तुळशीत पुरतात!” आणि मोगऱ्याच्या कुंडीत पुरला.

मे महिन्याच्या सुटीत मुलं पिल्लासाठी हट्ट धरतात. आणायचं असेल तर जरूर आणा, पण आधी पाच महिने मोजा, चपला वरच्या फळीवर ठेवा, चार्जर भिंतीतून काढून ठेवायची सवय लावा, आणि लसीची तारीख पिल्लू घरात यायच्या आधी विचारून ठेवा. घरात कुणी कुत्र्याला भीत असेल, तर त्या माणसाला हसू नका. भीतीमागे एखादी गोष्ट असते. ती आधी ऐकून घ्या. पिल्लाला वळण लावायचं काम त्यानंतरचं.