फोन कुणाच्या हातात?

वस्तीतल्या एका ताईंना तिसऱ्यांदा नैराश्य आलं, तेव्हा आम्ही कार्यकर्त्यांनी त्यांना काय सांगितलं? "ताई, विहारात या, मीटिंगला बसा, मन रमेल." आधीच्या दोन्ही वेळी हेच सांगितलं होतं. आज कबूल करतो, आम्ही ताईंचं ऐकलंच नव्हतं. नुसतं भाषण दिलं होतं.

नैराश्य हा आजार आहे. तो उलटतो, आणि प्रत्येक खेपेनंतर पुन्हा येण्याचा धोका वाढतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत जेराल्ड क्लरमन आणि मायर्ना वाइसमन यांनी बोलण्यातून उपचाराची एक पद्धत उभी केली. ती माणसाच्या नात्यांकडे बघते: जवळचं कुणी गेलं का, कुणाशी कलह आहे का, आयुष्य एकदम बदललं का, माणूस एकटा पडलाय का? पुढे हा उपचार फोनवरूनही दिला गेला. गोव्यात तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी तो दिला.

आपल्याकडे १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मराठीत बोलता येतं. पण ताईंच्या घरात फोन एकच, तोही मुलाच्या खिशात. खोली दहा बाय दहाची. सासू समोर बसलेली असताना त्या काय बोलणार?

म्हणून आम्ही विहारामागची खोली दर मंगळवारी दुपारी एक तास मोकळी ठेवली. फोन आमचा. ओळखीच्या एका समुपदेशक बाईंनी दर आठवड्याला बोलायचं कबूल केलं. आम्ही बाहेर पायरीवर बसायचो. चौथ्या मंगळवारी ताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कामावरच्या घरी माझा कप वेगळा ठेवतात, ते आज सांगितलं. बाई मधे बोलल्या नाहीत."

हे ताईंनी आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

ताई बऱ्या झाल्या असा आमचा दावा नाही. गोळ्या चालू आहेत. कपही वेगळाच आहे, आणि त्याविरुद्धची लढाई फोनवर होणार नाही. पण लढायला माणूस उभा तर राहिला पाहिजे! मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १८ नुसार उपचार हा हक्क आहे. तो मागताना जात समजणारे समुपदेशकही मागूया. आणि तोवर प्रत्येक विहारात एक खोली, एक फोन, एक तास एवढं तरी आपण देऊ शकतो की नाही?

दुःखाला कारण असतं, हे आपला धम्म सांगतो. ते कारण आधी ऐकून तर घेऊ.

जयभीम!