देवणीच्या वाटेवरची ओढ

जुनी मोटार वारशाने मिळाली, की तिचे काय करावे हा प्रश्नही वारशातच मिळतो. माझ्या मामांची अँबॅसडर मला अशीच मिळाली. मामा देवणीचे. गाडी १९७७ सालची, १४८९ सी.सी.च्या पेट्रोल इंजिनाची. विलायतेतल्या मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली ही गाडी बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होत होती. मागल्या वर्षी मामा गेले. मामी देवणीलाच राहिल्या, आणि गाडी माझ्याकडे उदगीरला आली.

दिवाळीपूर्वीच्या रविवारी मी ती घेऊन देवणीला निघालो, तो मामींना एवढेच सांगायला, की आता ही विकावी म्हणतो. कारणे भक्कम होती. उभी असली की गाडी थरथरे, पेट्रोल पाण्यासारखे पिई, आणि आठ दिवसांपासून ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट झाले होते.

उदगीर मागे पडले. सोयाबीन निघून गेलेली काळी राने दोन्ही बाजूंना मोकळी पडली होती. मधूनच तुरीचे हिरवे पट्टे. एका उतारावर बैलांची जोडी रस्ता ओलांडू लागली. मी पेडल दाबले. गाडी थांबेना. दोन्ही पाय रोवून दाबले, तेव्हा ती बैलापासून हातभर अंतरावर थांबली. मागून येणारा म्हातारा शांतपणे म्हणाला, "सर, बैल हुशार हाय म्हणून वाचलात. गाडी काय थांबायलीच नव्हती."

बैल होता मात्र देखणा. अंग पांढरे शुभ्र आणि तोंड काळे. अशाला तिकडे वानेरा म्हणतात. बालंक्या आणि शेवरा हे त्याचे भाऊबंद. कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या या तालुक्याच्या गावाला दूरदूरचे लोक ओळखतात ते या देवणी गुरांमुळे. बैल ओढकामाला आणि गाय दुधाला, असा दुहेरी गुण या जातीत आहे.

गावात शिरलो तो थेट मामांच्या मिस्त्रींकडे. त्यांनी बॉनेट उघडले, पण पान्याला हात लावला नाही. रबराच्या नळीचा एक तुकडा घेतला, एक टोक कानाला लावले आणि दुसरे टोक चालू इंजिनावर फिरवू लागले. डॉक्टर छाती तपासतात तसे. एका जागी थांबून हसले.

"सर, गाडी हवा खायलीय. अन् हे काय बसवलंय?"

मी ओशाळलो. महिन्यापूर्वी इंजिन धुताना एक बारीक नळी तुटून पडली होती. ती मूळची कुठे होती, हे आठवेना. तेव्हा ठिबक सिंचनाच्या दुकानातून प्लॅस्टिकचा एक 'टी' आणून मी ती जाड नळीला जोडून टाकली होती.

"ह्यानं शेत भिजतंय सर, गाडी चालत नाही," असे म्हणत त्यांनी खडू घेतला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूवर चित्र काढले. इंजिनातले दट्टे खाली जाताना हवा ओढतात. आपला पाय वर असला की कार्बोरेटरमधले झाकण जवळजवळ मिटलेले असते. म्हणून आत ओढ वाढते. या ओढीवर दोन कामे चालतात. जाड नळी मॅनिफोल्डमधून ब्रेकच्या बूस्टरला जाते. हा बूस्टर मामांनी मागाहून बसवून घेतलेला. बारीक नळी जाते डेल्कोला, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरला. पण ती निघते कार्बोरेटरच्या अंगावरच्या एका बारीक तोंडातून. हे तोंड झाकणाच्या काठाशी असते. गाडी उभी असताना तिथे ओढ नसते. पाय जरा दाबला की ती सुरू होते, डेल्कोतला पडदा खेचला जातो आणि ठिणगी किंचित लवकर पडते. हलक्या पायाने चालताना इंजिनातले मिश्रण विरळ असते, त्याला जळायला वेळ लागतो. म्हणून ही घाई हवी. पेट्रोल वाचते ते तिथे.

माझ्या 'टी'ने काय केले होते? गाडी उभी असतानाही ठिणगी लवकर पडू लागली. 'टी' तडकला, तशी हवा आत शिरून थरथर सुरू झाली, आणि बूस्टरची ओढ गेल्याने पेडल घट्ट झाले. कार्बोरेटरचे तोंड तर उघडेच राहिले होते.

वर्गात मी मुलांना अन्वय लावायला शिकवतो. शब्द सगळे खरे असले, तरी एक शब्द भलत्याला जोडला की अर्थाचा अनर्थ होतो. इथे तो बैलाच्या अंगावर येणार होता.

मिस्त्रींनी जुन्या जीपच्या बूस्टरची जाड नळी शोधून काढली. "साधी नळी ओढीनं आतल्या आत चिपकती," ते म्हणाले. मधला व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून पाहिला. वारा एकाच बाजूने जात होता. डेल्कोची नळी तोंडाने ओढून टोकावर जीभ धरली. ओढ टिकली, म्हणजे पडदा शाबूत होता. सगळे जोडल्यावर मला इंजिन बंद ठेवून चार-पाचदा पेडल दाबायला लावले. मग पाय तसाच दाबून इंजिन सुरू केले. पायाखाली पेडल अलगद खाली गेले. गाडी उभी होती, आणि थरथर नव्हती.

पैसे देताना मी खडूचे चित्र पुसू लागलो. "ऱ्हाऊ द्या सर," मिस्त्री म्हणाले, "मामांनीबी मागं वहीत लिहून घेतलं होतं."

घरापुढे भोंगा वाजवला. मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि क्षणभर दारातच थांबल्या. भोंगा मामांच्या वेळचाच होता.

"गाडी बरी हाय ना रे?"

"बरी आहे, मामी. चूक माझीच होती. ती वही कुठे आहे?"

त्या आत वही आणायला गेल्या. विकण्याचे सांगायचे ते राहूनच गेले.