दर्शनी भिंत

भीमराव कर्डकांच्या जलशांनी अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत चळवळ नेली, हे आपण जाणतोच. म्हणून विहारात दर रविवारी जमणाऱ्या मुलांना मी म्हटले, यंदा जयंतीला नुसती भाषणे नकोत, नाटक करू. मात्र गोष्ट अमेरिकेतल्या काळ्या माणसांची घेऊ. दुसऱ्याच्या दुःखावर बोलताना माणूस लाजत नाही, असा माझा हिशेब. कारकुनाला दुसरे काय सुचणार!

नाटक लोरेन हॅन्सबेरी यांचे, ‘अ रेझिन इन द सन’. १९५९ साली ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. काळ्या स्त्रीने लिहिलेले तिथले ते पहिले नाटक. शिकागोतले यंगर कुटुंब कोंदट घरात राहते, संडास शेजाऱ्यांत सामाईक. बाप राबून मेला, त्याच्या विम्याचे १० हजार डॉलर येतात. आई त्यातून घर घेते, पण गोऱ्यांच्या वस्तीत. लगेच त्या वस्तीचा प्रतिनिधी दारात हजर. शिवी नाही, दमदाटी नाही. गोड बोलून सांगतो, तुम्ही येऊ नका, आम्ही ते घर जास्त पैसे देऊन परत घेतो. ही निव्वळ कल्पना नव्हे. लेखिकेच्या वडिलांनी १९३७ साली शिकागोत असेच घर घेतले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, १९४० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

आम्ही दोनच प्रवेश बसवले. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांची एक रीत आहे, नाटक मध्येच थांबवून प्रेक्षकाला पात्राच्या जागी उभे करायचे. पाहुणा पैशाची गोष्ट काढतो तिथे मी हात वर केला. विचारले, “तुम्ही काय केले असते?”

बराच वेळ कोणी हलेना. मग धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी पदर खोचून उठल्या. “पैशाचं राहू दे बाबा. आमच्या हातची भांडी चालतात, मग आमचं बिऱ्हाड का चालत नाही?” प्रतिनिधी झालेला पोरगा संवादच विसरला. मग तोंडे उघडली. कोणाला आडनाव कळल्यावर ‘कालच दिली खोली’ म्हणाले होते, कोणाला मटण-मच्छीचे निमित्त. एक तरुण म्हणाला, पैसे घ्यावेत, मानाने पोट भरते का? त्यावर तासभर वाद झाला. माझ्या वीस वर्षांच्या भाषणांनी हे कधी झाले नव्हते.

मी मात्र गप्प होतो. दोन वर्षांपूर्वी स्टेशनजवळ भाड्याची जागा पाहिली. माझे आडनाव गावावरून पडलेले, ‘कर’वाले, त्यावरून काही कळत नाही. “म्हणजे तुम्ही...” मालकांनी वाक्य अर्धवट सोडले. मीही ते पुरे केले नाही. जागा मिळाली. तेव्हापासून बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत, कपाटावर.

शेवटचा प्रवेश सुरू झाला. उरलेले पैसे बुडवून बसलेला मुलगा वॉल्टर लाचार होऊन त्या प्रतिनिधीला परत बोलावतो. पण स्वतःचे पोर समोर उभे असताना त्याची जीभ रेटत नाही. तो नकार देतो. त्या पोराचे काम माझ्या नववीतल्या मुलीने केले. ती सारा वेळ वॉल्टरकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

रात्री घरी आल्यावर तिने हातोडी मागितली. दहा वाजले होते. शेजारी झोपले असतील, असे मी म्हणालो.

“मग सकाळी.”

सकाळी हॉलमध्ये खिळा ठोकला. मालक पाच तारखेला भाडे न्यायला येतात.