तंबाखूच्या पेठेतून आंब्याच्या गावाला

रस्त्याच्या कडेला उभा असलेला किलोमीटरचा दगड आपण रोज पाहतो, पण त्याच्या डोक्याचा रंग किती जणांनी ध्यानात घेतला असेल? डोके पिवळे असले तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असले तर राज्यमार्ग. ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यावरच्या दगडाला नारिंगी टोपी असते. १९४३ साली नागपुरात देशातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली होती. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे आणि गावचे रस्ते अशी वाटणी तिथे ठरली आणि थोड्याफार फरकाने तीच आजवर चालत आली आहे. राज्यमार्ग आणि जिल्ह्याचे प्रमुख मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात, तर त्याखालचे बरेचसे रस्ते जिल्हा परिषदेकडे.

पिवळ्या डोक्याच्या रस्त्यांचे कौतुक पुष्कळ होते. त्यांचे नकाशे छापून येतात, उद्घाटने होतात. शेतकऱ्याचा रोजचा संसार मात्र हिरव्या डोक्याच्या रस्त्यावर चालतो. ऊस कारखान्याला जातो तो त्यावरून, पोरे शाळेला जातात ती त्यावरून, आणि लेक सासरी जाते तीही त्यावरूनच. अशाच एका रस्त्याची ओळख वाचकांना करून द्यावी असे मनात होते. होळीच्या सुमारास निपाणीहून देवगडला जाण्याचा योग आला. एस.टी. आणि वडापच्या गाड्या बदलत, रमतगमत हा प्रवास केला. देवगड-निपाणी राज्यमार्ग म्हणून ही वाट सगळ्यांना ठाऊक आहे. अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटर असेल, पण तेवढ्यात माती, पीक, बोली आणि ताटातली भाकरी सगळेच बदलून जाते.

निपाणी ही तंबाखूची पेठ. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ती तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली. बाजारातली बोली मात्र अजूनही बहुतेक मराठीच. गल्लीबोळांतून तंबाखूच्या वखारी आहेत आणि घराघरांत विड्या वळणाऱ्या बायकांचे हात चालू असतात. शेतकऱ्यांच्या इतिहासात या गावाचे नाव आणखी एका कारणाने कायमचे कोरले गेले आहे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी इथे पुणे-बंगळूर हमरस्त्यावर येऊन बसले होते. भाकऱ्या बांधून, बायकापोरांसह. त्यांच्या त्या मुक्कामाला आंदोलननगरी असेच नाव पडले होते. शेवटी गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे जीव गेले. भाव मागायचा तर रस्ता धरावा लागतो, हे कुणब्याला तिथे कळले. आज त्या रुंद हमरस्त्यावर गाड्या इतक्या वेगाने धावतात की रस्ता ओलांडायला सुद्धा वेळ लागतो.

आपला रस्ता तिथून पश्चिमेला फुटतो. थोड्याच वेळात सीमा ओलांडून आपण कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात येतो. मुरगूड हे वेदगंगेच्या काठचे मोठे बाजाराचे गाव. कागलच्या सर पिराजीराव घाटगे यांच्या नावाचा तलाव इथे आहे. पुढे आदमापूर लागते. बाळूमामांचे हे स्थान. १९६६ साली मामांनी इथेच देह ठेवला. अमावास्येला इथे पाय ठेवायला जागा नसते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मामांची बकरी. देवस्थानच्या मेंढरांचे कळप गावोगाव फिरत असतात. आपल्या रानात बकरी बसावीत म्हणून लोक वाट बघतात. श्रद्धा तर आहेच, शिवाय लेंडीखताने रानाचा कस वाढतो, हेही जुन्या माणसांना पक्के माहीत आहे. रासायनिक खताच्या पोत्याची आजची किंमत पाहता ही वाट बघणारे वाढले तर नवल नाही.

आदमापूरला लागूनच मुदाळतिट्टा आहे. कोल्हापूर-गारगोटी रस्ता इथे आपल्या रस्त्याला मिळतो. घाटावर तीन वाटा मिळतात त्या जागेला तिट्टा म्हणतात. खाली कोकणात गेल्यावर हाच शब्द तिठा होतो. नांदगावचा तिठा पुढे आपल्या वाटेवरच लागणार आहे. तिट्ट्यावर चहाची, वडापावची, खतांची, मोटारींच्या दुरुस्तीची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. जवळच बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना असल्याने हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग काही संपत नाही. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असला की मागची एस.टी. मुकाट्याने बैलगाडीच्या चालीने चालते. चालकाला घाई नव्हती आणि आम्हालाही नव्हती.

सरवडे, सोळांकूर या बाजूने जाताना दुतर्फा ऊसच ऊस. हे दूधगंगेचे खोरे. नदीवर जागोजागी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे दिसतात. हा बंधारा या जिल्ह्याने सगळ्या महाराष्ट्राला दिला. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत लाकडी फळ्या, म्हणजे बरगे, घालून पाणी अडवायचे आणि पाऊस येण्याआधी ते काढून घ्यायचे. वेळेत बरगे निघाले नाहीत तर पहिल्याच पुराला बंधारा आणि काठची रानेही धोक्यात येतात. काम साधे आहे, पण दरवर्षी कुणीतरी न चुकता करावे लागते.

वाटेत एका गुऱ्हाळावर उतरलो. हंगाम शेवटाकडे आला होता. चुलवाणात चिपाडाचा जाळ धडधडत होता, काहिलीत रस उकळत होता आणि मळी वर आणण्यासाठी भेंडीच्या झाडाचे पाणी घालणे चालले होते. गुळव्या एकटक रसाच्या बुडबुड्यांकडे पाहत उभा होता. काहील नेमकी कधी उतरवायची हे त्याच्या डोळ्यांवर असते. क्षणभर उशीर झाला तर गूळ लाल होतो आणि सौद्यात दर पडतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव मोठे झाले, पण गुऱ्हाळे कमी होत चालली आहेत. मालक म्हणाले, "जाळव्या मिळंना, गुळव्या मिळंना. पोरं कंपनीत जात्यात. कारखान्याला ऊस घातला की बिल खात्यावर येतंय, मग हा जाळ कुणी सोसायचा?" त्यांनी तांब्याभर रस आणि पानावर गरम गूळ पुढे केला आणि पैशाचे नाव काढू दिले नाही.

राधानगरी हे या वाटेवरचे मानाचे ठिकाण. छत्रपती शाहू महाराजांनी १९०९ साली भोगावती नदीवर इथे धरणाचे काम सुरू केले. आपली कन्या राधाबाई यांचे नाव गावाला दिले आणि तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचे. काम पैशाअभावी रेंगाळले, महाराज १९२२ साली गेले आणि धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरून पाण्याचा दाब वाढला की ते आपोआप उघडतात आणि दाब उतरला की मिटतात. पावसाळ्यात "राधानगरीचं दार उघडलं" ही बातमी आली की पंचगंगेच्या काठची गावे जनावरे हलवायच्या तयारीला लागतात. कोल्हापूरकडचा ऊस हिरवा दिसतो त्यात या पाण्याचा वाटा मोठा आहे. ज्यांच्या जमिनी या तलावाखाली गेल्या त्यांची आठवण ते पाणी उचलणाऱ्याने ठेवावी, असे मला वाटते.

राधानगरीपासून दाजीपूरपर्यंत रस्ता तलावाच्या फुगवट्याच्या कडेकडेने, जंगलातून जातो. सगळ्या वाटेतला हा सर्वांत देखणा भाग. गव्यांसाठी १९५८ साली इथे अभयारण्य झाले आणि १९८५ मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य करण्यात आले. क्षेत्रफळ सुमारे ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात याचाही समावेश आहे. पाहायला येणाऱ्यांना गवा दिसला की धन्य वाटते. इथल्या शेतकऱ्याला मात्र तो नकोसा होतो. रात्रीतून कळप उभ्या पिकात शिरला की वर्षाची मेहनत जाते. नुकसानभरपाईची सोय आहे, पंचनामा होतो, पण उभ्या पिकाची किंमत कागदावर नेहमी थोडकीच भरते. माळ्यावर बसून, डबे वाजवून रात्र जागवणारी माणसे अजूनही आहेत. जंगल राखायलाच हवे, यात शंका नाही. राखण्याचा खर्च मात्र डोंगरातल्या दहा-वीस गुंठेवाल्याच्या गळ्यात पडतो, हे सरळ सरळ अन्यायाचे आहे.

गाडीत शेजारी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर गाठोडे, त्यात तांदूळ आणि गुळाची ढेप. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाल्यापासून अशा गाठोडेवाल्या मावश्या जास्त दिसू लागल्या आहेत. मी विचारले, "मावशी, कुठवर?"

"फोंड्याला. पोरगी खाली दिल्या न्हवं. चौदा वरसं झाली."

"मग जाणंयेणं असेल बरंच."

"उन्हाळ्यात हाय की. पावसात घाट पडला की म्हायार-सासर तुटलं बघा. दुसऱ्या खेपंला ती खाली बाळंत झाली आनि मी हितं अडकलो. दरड पडलीती. गगनबावड्याकडनं वळसा घालून गेलो, तवर नातू दोन दिसाचा झालता." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "लोक म्हनत्यात रस्ता रुंद करा. मी म्हनतो रुंद नको, पावसात हुबा ऱ्हाऊ दे म्हंजी झालं."

या बोलण्यात रस्त्याची सगळी अडचण आली. इथला पाऊस काही साधा नसतो. आठवडेच्या आठवडे धार तुटत नाही. डोंगर पाणी पिऊन फुगतो आणि माती दगडासकट खाली येते. वरच्या उताराची झाडे, पाणी वाहून नेणाऱ्या चरी आणि मोऱ्या पावसाआधी साफ असल्या तर निम्मे संकट टळते. डांबर पसरण्याचे काम डोळ्यांत भरते, मोरीतला गाळ काढल्याचे कुणाला दिसत नाही. माझ्या मते घाटरस्त्याचा पैसा आधी मोरीवर खर्च व्हावा, मग डांबरावर.

दाजीपूर सोडले की फोंडा घाट सुरू होतो. एकामागून एक वळणे, उजव्या-डाव्या हाताला दऱ्या, आणि खाली धुरकट कोकण. पूर्वी याच वाटेने घाटावरचा गूळ, मिरची आणि तंबाखू बैलगाड्यांतून खाली जाई आणि मीठ, नारळ, आमसुले, सुकी मासळी वर येई. घाट उतरून दमलेल्या बैलांचा मुक्काम फोंड्याला पडे, म्हणून तिथे पेठ वसली. आजही फोंड्याच्या बाजारात घाटावरचा आणि कोकणातला माल शेजारी शेजारी मांडलेला दिसतो. माती तांबडी झालेली असते, घरे जांभ्या दगडाची. चहावाल्याने पहिला प्रश्न केला तो असा: "खंयसून इलात? घाट बरो असा मां?" वरून आलेल्या प्रत्येकाला इथे आधी घाटाची खुशाली विचारतात. मावशींना न्यायला नातू आला होता. गाठोडे त्याने डोक्यावर घेतले आणि दोघे वाडीच्या वाटेला लागली.

फोंड्याहून नांदगावच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग ओलांडायचा. हा सिंधुदुर्ग जिल्हा. १९८१ साली १ मे रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. १९९८ पासून कोकण रेल्वे पुरी धावू लागली आणि नांदगावालाही स्टेशन झाले. पुढे शिरगाव, तळेबाजार, जामसंडे करीत रस्ता देवगडला पोचतो. या पट्ट्यात कातळ म्हणजे नुसता जांभा. त्यात सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली आणि आंब्याची कलमे उभी केली. असली शेती पाहिली की आपल्या काळ्या रानाबद्दलची तक्रार जरा कमी होते. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसलाही भौगोलिक मानांकन मिळाले. पण अवकाळी पाऊस आणि तुडतुड्यांपुढे मानांकन काय करणार! एका बागायतदारांनी सांगितले की मोहोर चांगला आला तरी पेटी गाडीत चढेपर्यंत झोप लागत नाही, आणि गाडी घाट चढेपर्यंत तर मुळीच नाही. पिकायला आलेला आंबा दरडीपाशी एक रात्र अडकला तर निम्मा भाव तिथेच जातो.

कोल्हापूरच्या बाजारात मुहूर्ताच्या पेटीचा लिलाव वाजतगाजत होतो. ती पेटी या घाटाने किंवा शेजारच्या घाटाने वर चढलेली असते.

ज्यांना हा प्रवास करायचा असेल त्यांनी होळी ते अक्षय्यतृतीया हा काळ धरावा. गुऱ्हाळेही सापडतात आणि आंबाही. जंगलाचा टप्पा दिवसाउजेडी पार करावा, कारण संध्याकाळनंतर गवे रस्त्यावर येतात आणि अंगावर दिवे पाडले, भोंगा वाजवला तर बिथरतात. अभयारण्यात आत जायचे असेल तर वनखात्याची परवानगी लागते. जेवणाची शिदोरी बरोबर असलेली बरी. आणि पावसाळ्यात निघणार असाल तर राधानगरीच्या किंवा कणकवलीच्या एस.टी. स्थानकावर घाट चालू आहे की नाही, याची चौकशी करूनच निघावे.