खांद्यावरचे तारे आणि हातातलं काम

लष्करी रुग्णालयातल्या परिचारिकेला नोकरीत समाधान कशाचं, या प्रश्नाचं उत्तर बहुधा तिच्या खांद्याकडे पाहून दिलं जातं. ती कमिशन मिळालेली अधिकारी आहे, लेफ्टनंटपासून मेजर जनरलपर्यंतची वाट तिला खुली आहे, निश्चित पगार आहे. नागरी रुग्णालयांत कंत्राटावर राबणाऱ्या सिस्टरांकडे पाहिलं की याचं मोल कळतं. तरीही माझं मत असं, की हुद्द्यामुळे असमाधानाची काही कारणं दूर होतात, पण समाधान येतं ते आपल्या निरीक्षणाला उपचारात वजन असल्याच्या अनुभवातून. हुद्दा पुरेसा नसतो हे या सेवेचा इतिहासच सांगतो. 1888 मध्ये दहा ब्रिटिश परिचारिका मुंबईत उतरल्या, 1926 मध्ये कायम सेवा उभी राहिली आणि 1943 च्या अध्यादेशाने अधिकाऱ्याचा दर्जा आला. तरी 1988 मध्ये एका अधिकारी परिचारिकेला लग्न केलं म्हणून सेवेतून काढलं गेलं. ते बेकायदा ठरवून साठ लाख रुपये भरपाई द्यायला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तेव्हा 2024 उजाडलं होतं.

आता कामाकडे पाहू. खडकीच्या लष्करी रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या जवानांवर उपचार होतात. ज्याच्या कमरेखाली संवेदनाच नाही, त्याला कातडी दबल्याचं दुखणं कळत नाही. ते सिस्टरच्या डोळ्यांना कळावं लागतं. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा तपासायच्या, बोटाने दाबूनही न जाणारी लाली दिसली की लगेच सांगायचं. इजा मानेजवळची असेल तर लघवीची नळी नुसती तुंबली तरी रक्तदाब धोक्याच्या पातळीवर चढू शकतो. या कामाचं यश म्हणजे न झालेली जखम आणि न आलेलं संकट. ते कुणाच्या नजरेत भरत नाही, म्हणूनच त्याची दखल मुद्दाम घ्यावी लागते.

यावर कुणी म्हणेल, फौज हुकुमावर चालते, तिथे प्रत्येकाचं मत कसं विचारणार? पण लाली दिसल्याचं सांगणं म्हणजे हुकूम मोडणं नव्हे. पुढच्या चौकीवरून आलेल्या खबरीशिवाय कोणताही सेनापती निर्णय घेत नाही. वॉर्डात ती चौकी परिचारिकेची असते. दुसरा आक्षेप बदल्यांचा. दुर्गम ठाण्यांनाही परिचारिका लागतात, तेव्हा बदली अटळ आहे, हे मान्य. मात्र अतिदक्षता विभागाचं खास शिक्षण घेतलेल्या सिस्टरला नव्या ठिकाणीही शक्यतो तेच काम मिळावं, एवढी काळजी घेता येते. तिसरा आक्षेप सर्वांत गोड: सेवाभाव असला की समाधान आपोआप येतं. सेवाभावामुळे माणूस या पेशात येतो, पण वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर तोही झिजतो. म्हणून राउंडच्या वेळी सिस्टरचं म्हणणं आधी ऐकावं, चार्ज देण्याघेण्याला पुरेसा वेळ असावा आणि टाळलेल्या बेडसोरची नोंद तिच्या कामगिरीत व्हावी. तिला अधिकारी म्हणून सलाम मिळतोच. तिच्या कौशल्याला अधिकार मिळाला, तर समाधानाची चौकशी वेगळी करावी लागणार नाही.