चामडे आणि सातू

आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, केरी परगण्यात, डिंगल हे बंदराचे गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. आयरिश भाषा अजूनही घरादारांत बोलली जाते अशा द्वीपकल्पाचे हे मुख्य ठाणे. त्याच्या पश्चिमेला ब्लास्केट बेटे दिसतात. तेथील कोळी-शेतकऱ्यांनी विसाव्या शतकात आपल्या दारिद्र्याची आणि कष्टांची आत्मकथने आयरिश भाषेत निर्माण केली; १९५३ मध्ये मोठ्या ब्लास्केटवरील उरलीसुरली माणसे मुख्य भूमीवर हलवण्यात आली. या आत्मकथनांच्या ओढीनेच मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक आपल्या नातीसह डिंगलला आले होते.

गावातील ग्रीन स्ट्रीटवर, सेंट मेरीज चर्चच्या अगदी समोर, ‘डिक मॅक्स’ हा पब आहे. त्याचा पत्ता सांगण्याची एक थट्टा तेथे रूढ आहे. पब कोठे, तर चर्चसमोर. आणि चर्च कोठे, तर पबसमोर. १८९९ पासूनच्या या जागेत एका बाजूला मद्याचे काउंटर आणि व्हिस्कीच्या बाटल्यांच्या रांगा, तर दुसऱ्या बाजूला चामड्याच्या कामाचे काउंटर आणि फळ्यांवर मांडलेले जुने बूट आहेत. बाहेरच्या फरसबंदीवर नामवंत गिऱ्हाइकांच्या नावांचे तारे बसवले आहेत.

आयर्लंडच्या छोट्या गावांत असे जोडधंदे ही जुनी रीत आहे. डिंगलमध्येच ‘फॉक्सी जॉन्स’ या दुकानात एकीकडे खिळेमोळे नि हत्यारे मिळतात, दुसरीकडे बिअर. टिपररी परगण्यातील फेथर्ड येथे ‘मॅकार्थीज’ हा पब प्रेतसंस्काराची व्यवस्थाही पाहत आला आहे. बाहेरच्याला यात गंमत वाटते, परंतु मुळात हा व्यवहार होता. लहान गावात एका धंद्यावर घर चालत नसे, आणि बूट दुरुस्त होईपर्यंत थांबलेल्या माणसाला बसायला जागा लागे.

डिक मॅक्सच्या मागील अंगणात, एके काळी जेथे गाईंचे दूध काढीत, तेथे अलीकडे बिअर तयार होऊ लागली आहे. सातू भिजवून त्याला मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडून गरम पाण्यात त्याचा गोड अर्क उतरवायचा, हॉप्सच्या फुलांबरोबर तो उकळायचा आणि मग यीस्टच्या स्वाधीन करून वाट पाहायची, असा हा क्रम. चामड्याचीही कथा फार वेगळी नाही. कातडे पाण्यात भिजते, ओकसारख्या झाडांच्या सालीतील कषायरसात मुरते आणि सावकाश टिकाऊ होते. पाणी आणि धीर हे दोन्ही धंद्यांचे सामायिक भांडवल.

प्राध्यापक आत शिरले ते बिअर चाखण्याच्या हेतूने. परंतु त्यांना थांबवले ते वासाने. कमावलेल्या चामड्याचा तो वास त्यांनी पन्नास वर्षे मनाच्या कोपऱ्यात कोंडून ठेवला होता. त्यांचे वडील तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या कडेला, पोत्यावर बसून जोडे शिवीत. गावाने चामडे कमावणाऱ्याची वस्ती वेशीबाहेर ठेवली होती आणि ताडीचे दुकानही. डिंगलमध्ये मात्र ही दोन्ही कामे एका छपराखाली, थेट देवाच्या दारासमोर मांडलेली. प्राध्यापकांनी तीस वर्षे वर्गात दलित आत्मकथने शिकवली. त्यांतील कुंडी, आरी, ऐरण हे शब्द विद्यार्थ्यांना समजावून सांगितले. ते शब्द आपल्या घरचे आहेत, हे मात्र एकदाही सांगितले नाही.

तेथील चामड्याला मिळणारा मान निर्भेळ नाही, हेही त्यांच्या लक्षात आले. आज तो पुष्कळसा पर्यटकांच्या कौतुकावर उभा आहे. शिवाय तेथे हा धंदा हाताला चिकटतो, जन्माला नाही. म्हणूनच त्याचे फलक मिरवता येतात. हे उमगल्यावर हेवा ओसरला आणि दुःख अधिक स्पष्ट झाले.

आजारपणानंतर त्यांचा कमरेचा पट्टा सैल झाला होता. त्यांनी तो काढून कारागिरापुढे ठेवला. त्याने पट्टा बोटांनी चाचपला, अंतर मोजले आणि एका ठोक्यात नवे छिद्र पाडले. प्राध्यापक इंग्रजीत म्हणाले, “माझे वडील हेच काम करीत.” कारागिराने मान वर केली आणि साध्या कुतूहलाने विचारले, चामडे कापायला ते कोणते हत्यार वापरीत? प्राध्यापकांना इंग्रजी शब्द सुचेना. हाताने अर्धवर्तुळ काढीत ते म्हणाले, “रापी.”

कारागिराने तो शब्द एकदा स्वतःशी उच्चारून पाहिला. मद्याच्या काउंटरपाशी उभी असलेली नात ग्लास खाली ठेवून जवळ आली.

“आजोबा, रापी म्हणजे काय?”

प्राध्यापकांनी पट्टा कमरेला आवळला, शेजारचे बाकडे तिच्यासाठी पुढे ओढले आणि पणजोबांच्या पोत्यापासून सांगायला सुरुवात केली.